कोरेगावचे पदक कोणाला मिळाले? मोहीम पदकांचे नियम आणि आपल्या घरातली पदके

डिसेंबर संपत आला की अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या वस्त्यांमधून भीमा कोरेगावला जाणाऱ्या गाड्यांची नावनोंदणी सुरू होते, आणि त्याच सुमारास फोनवर एका चांदीच्या पदकाचे चित्र फिरू लागते. एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा चेहरा, फिकट निळी रिबन, वर इंग्रजीत 'कोरिगॉम' लिहिलेली पट्टी. खाली ओळ असते : 'कोरेगावच्या 500 शूरवीरांना इंग्रजांनी दिलेले शौर्यपदक'. पदक खरे आहे, ओळ मात्र तीन ठिकाणी चुकते. हे शौर्यपदक नव्हते. ते लढाईनंतर लगेच दिले गेले नाही. आणि ते 500 जणांना मिळणे तर शक्यच नव्हते. हे समजायला आधी मोहीम पदक म्हणजे काय ते पाहावे लागते.

सैन्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एखाद्या सैनिकाने अमुक दिवशी अमुक पराक्रम केला म्हणून त्याला नावाने दिला जातो तो शौर्य पुरस्कार. महार रेजिमेंटच्या 8 व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेत 25 नोव्हेंबर 1987 रोजी केलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, ते या प्रकारचे. मोहीम पदकाचे तसे नसते. ठरावीक तारखांच्या दरम्यान, ठरावीक प्रदेशात, ठरावीक दिवस सैनिक हजर होता एवढेच ते सांगते. तो शूर होता की भित्रा, त्याने गोळी झाडली की स्वयंपाक केला, याच्याशी त्या पदकाला कर्तव्य नाही. म्हणून मोहीम पदकाबाबत खरा प्रश्न असतो तो नियमाचा : कोणत्या तारखा, कोणता प्रदेश, आणि कोणाला 'सैनिक' म्हणून मोजले. हा तिसरा मुद्दा आपल्या समाजाच्या इतिहासाला थेट भिडतो.

कोरेगावच्या पदकाचे नाव 'आर्मी ऑफ इंडिया मेडल'. ईस्ट इंडिया कंपनीने ते मंजूर केले 1851 साली. कोरेगावची लढाई झाली 1 जानेवारी 1818 रोजी. मधे 33 वर्षे गेली. हे पदक एकट्या कोरेगावसाठीही नव्हते. 1803 ते 1826 या काळातल्या अनेक लढाया त्यात धरल्या होत्या, आणि प्रत्येक लढाईची वेगळी पट्टी रिबनवर बसवली जायची. अशा एकूण 21 पट्ट्या होत्या. त्यात 1803 च्या असई, अडगाव, गाविलगड, अशीरगड आहेत. 1817-18 च्या खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर आणि कोरेगाव आहेत. शिवाय नेपाळ, ब्रह्मदेश आणि भरतपूर. पदकावर '1799-1826' असे कोरलेले आहे, पण 1799 ची एकही पट्टी नाही. नुसते पदक, एकही पट्टी नसलेले, कोणालाच दिले गेले नाही.

आता नियम. पदक मिळणार होते फक्त 1851 पर्यंत जिवंत राहिलेल्यांना, आणि त्यांतही ज्यांनी मागणी केली त्यांना. मेलेल्याच्या बायकोला नाही, मुलाला नाही. 1818 साली वीस वर्षांचा असलेला शिपाई 1851 मध्ये 53 वर्षांचा झालेला असणार. तिशीतला हवालदार साठी ओलांडून गेलेला. त्या काळात इतके जगणे हीच मोठी गोष्ट. त्यात तो पेन्शन घेऊन गावी गेलेला, वाचता न येणारा, आणि पदक मिळते आहे ही बातमी त्याच्या गावकुसाबाहेरच्या घरापर्यंत पोचायला हवी. मग त्याने अर्ज करायचा, आपण त्या पलटणीत त्या दिवशी होतो हे पटवायचे. कोरेगावच्या पट्टीची पदके आज दुर्मिळ आहेत ती यामुळेच.

यातून एक गोष्ट निघते, जी मला कोणत्याही भाषणात ऐकू आलेली नाही. विजयस्तंभावर कोरलेली नावे आहेत लढाईत मेलेल्यांची. त्यांत 'नाक' ने संपणारी, म्हणजे महारांची म्हणून ओळखली जाणारी, 22 नावे आहेत. त्यांच्याबरोबर मराठा, राजपूत, मुसलमान आणि बेने इस्रायली सैनिकांचीही आहेत. पदक होते 33 वर्षांनी जिवंत असलेल्यांसाठी. म्हणजे स्तंभावर ज्याचे नाव आहे त्याला पदक मिळणे शक्य नव्हते, आणि ज्याला पदक मिळाले तो स्तंभावरच्या मृतांत असणे शक्य नव्हते. या दोन पूर्णपणे वेगळ्या याद्या आहेत. तुकडीचा प्रमुख कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन, ज्याचे नाव या लढाईच्या प्रत्येक वर्णनात येते, तो 1825 साली वारला. त्यालाही हे पदक नाही.

500 हा आकडाही नीट पाहावा. तो साधारणपणे दुसऱ्या बटालियनच्या (पहिली बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री) पायदळाचा आहे. त्यांच्याबरोबर सुमारे 300 घोडेस्वार होते, आणि दोन तोफा घेऊन मद्रास तोफखान्याचे युरोपियन गोलंदाज होते. पलटण मिश्र होती. तिच्यात महारांची संख्या मोठी होती, म्हणूनच ही लढाई आपली आहे. पण 'पाचशेही महार' असे म्हटले की समोरचा स्तंभावरची इतर नावे दाखवतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. आकडा फुगवून आपले काही वाढत नाही.

आणखी एक गैरसमज म्हणजे ही पलटण पुढे महार रेजिमेंट झाली. तसे झालेले नाही. तिचा वारसा आजच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटकडे जातो. महार रेजिमेंट उभी राहिली 1 ऑक्टोबर 1941 रोजी, बेळगावला. तिने आपल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ घेतला तो स्मृती म्हणून. स्वातंत्र्यानंतर तो बिल्ल्यावरून गेला. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब कोरेगावला गेले तेव्हा महारांची अशी पलटण अस्तित्वातच नव्हती, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या भेटीचा अर्थ जास्त चांगला कळतो.

कारण मधल्या काळात पदकाचा प्रश्नच संपवला गेला होता. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने 'लढवय्या जाती' ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज तयार केला. पुढे 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे मागणी केली. या अर्जांमध्ये पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला पुन्हा पुन्हा येतो, आणि तो नुसता अभिमानाचा विषय नव्हता. फौज म्हणजे पगार, शाळा, पेन्शन आणि गावकीच्या कामातून सुटका. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार मेजर होते, आणि दापोलीत लष्करी पेन्शनरांची वस्ती होती, हे आपल्याला पाठ आहे. भरती बंद झाल्यावर हे दारही बंद झाले. 1897 ची तिराह मोहीम घ्या, 1900 ची चीनची घ्या : भरतीच नाही तर मोहीम नाही, मोहीम नाही तर पदक नाही. या वर्षांची पदके आपल्या घरांत सापडत नाहीत याचे कारण नियमात आहे. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 साली '111 महार' नावाची पलटण उभी केली, आणि काम झाल्यावर 1921 साली मोडून टाकली.

याच काळातली आणखी एक रीत सांगण्यासारखी आहे. फौजेबरोबर भिस्ती, मेहतर, खेचरवाले, डोलीवाले, खानसामे अशी मोठी माणसे चालायची. त्यांना 'फॉलोअर' म्हणत. 1880 च्या दशकापासून ब्रिटिश भारतातल्या मोहीम पदकांमध्ये सैनिकाला चांदीचे आणि फॉलोअरला ब्राँझचे पदक अशी पद्धत होती. चेहरा तोच, पट्टी तीच, धातू वेगळा. 1900 च्या चीन मोहिमेचे पदक असे दोन धातूंत आहे, 1911-12 च्या अबोर मोहिमेचेही. गोळ्या दोघांच्या डोक्यावरून सारख्याच जात होत्या. घरात तांबूस रंगाचे, जड, चांदीचा मुलामा नसलेले जुने पदक असेल तर ते नकली म्हणून भंगारात घालू नये. ते अशा माणसाचे असू शकते ज्याचे नाव दुसऱ्या कोणत्याही कागदावर उरलेले नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. आज ज्याला आपण उल्हासनगर म्हणतो ती दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. 6,000 सैनिक आणि 30,000 इतर लोक राहतील अशी ती बांधली होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. पत्त्यात 'बॅरेक नंबर' अजून लिहितात. सैनिकांच्या पाचपट असलेल्या त्या 'इतर' लोकांचे काय झाले, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पदकाच्या नियमात त्याचे उत्तर कोरडे आहे : ज्याचे नाव सैन्यदलाच्या पटावर होते तो पात्र, आणि ठेकेदाराच्या हजेरीवर पाणी भरणारा, रस्ता करणारा, संडास साफ करणारा अपात्र. छावणी ज्यांच्या श्रमावर चालली त्यांच्यापैकी बहुतेकांकडे त्याची कोणतीच खूण नाही.

पटावर असलेल्यांची गोष्ट वेगळी. अंबरनाथ-बदलापूरला कोकणातून आणि घाटावरून आलेली कितीतरी बौद्ध कुटुंबे आहेत, ज्यांचे आजोबा किंवा पणजोबा 1941 ते 1945 मध्ये फौजेत होते. जात पडताळणीची कागदपत्रे शोधताना पत्र्याच्या पेटीतून पदके बाहेर येतात आणि घरातले सांगतात, 'आजोबा बर्माला होते.' कधी ते खरे असते, कधी नसते. पाहायचे कसे ते सांगते.

सहा टोकांचा पिवळसर तारा असेल आणि मध्ये इंग्रजीत 'बर्मा स्टार' लिहिले असेल, तर तो माणूस खरोखर त्या मोहिमेत होता. 11 डिसेंबर 1941 ते 2 सप्टेंबर 1945 या काळात ब्रह्मदेशाच्या मोहिमेत पाऊल टाकले की सैनिक पात्र ठरत असे. ठरावीक तारखांना आसाम आणि बंगालमधली सेवाही धरली जाई. त्याची रिबन गडद निळी, मध्ये रुंद तांबडा पट्टा आणि दोन्ही निळ्या भागांत नारिंगी रेघ. तसाच दुसरा तारा '1939-1945 स्टार' असा असतो. त्याला सैन्यात साधारणपणे सहा महिने प्रत्यक्ष मोहिमेवरची सेवा लागे. गोल, पांढऱ्या धातूचे, एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या राक्षसी प्राण्यावर उभा सिंह असलेले पदक म्हणजे 'वॉर मेडल'. ते सर्वात सामान्य : कुठेही 28 दिवस पूर्णवेळ सेवा झाली की मिळे. आणि गोल पदकाच्या मागे हिंदुस्थानचा नकाशा असेल तर ते 'इंडिया सर्व्हिस मेडल'. देशातच, आघाडीपासून दूर, तीन वर्षे सेवा केलेल्यांसाठी ते होते.

महार रेजिमेंटच्या माणसांच्या पेटीत वॉर मेडल आणि नकाशाचे पदक अशी जोडी निघण्याची शक्यता जास्त, याचेही कारण आहे. पहिली आणि तिसरी बटालियन वायव्य सरहद्दीवर होती, 25 वी देशांतर्गत बंदोबस्ताला. दुसरी ब्रह्मदेशात गेली. म्हणजे आजोबांच्या पेटीत बर्मा स्टार नसेल तर ते खोटे बोलत नव्हते. नातवंडांनी 'युद्धात होते' चे 'बर्माला होते' केलेले असते. उलटही घडते. महार केवळ महार रेजिमेंटमध्येच होते असे नाही, पुरवठा, वाहतूक, पायोनियर अशा दलांतही होते, आणि ही दले ब्रह्मदेशात खोलवर गेली होती. तेव्हा 'आमचे आजोबा लढणाऱ्या पलटणीत नव्हते, त्यांना कसला स्टार' असे धरून चालू नये. तारा दिनांक आणि ठिकाणावर मिळे, कामावर नाही.

एक पदक आपल्या वाचकांना पाहायला आवडेल असे आहे. 15 ऑगस्ट 1947 रोजी सेवेत असलेल्यांना 'इंडियन इंडिपेंडन्स मेडल' मिळाले. त्याच्या एका बाजूला अशोकाची सिंहमुद्रा आहे, दुसऱ्या बाजूला अशोकचक्र, आणि त्या चक्रावर इंग्रज राजाचा मुकुट! रिबन मात्र केशरी, पांढरी, हिरवी. महायुद्धानंतरही नोकरीत राहिलेल्या सैनिकाकडे हे असतेच असे समजायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे नियम तुलनेने सोपे आहेत. 1965 च्या युद्धात रणक्षेत्रात असलेल्यांना समर सेवा स्टार. आणि 5 ऑगस्ट 1965 रोजी पटावर असून 180 दिवसांची सेवा झालेल्यांना रक्षा मेडल, मग ते कुठेही असोत. 1971 ला पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेसाठी पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडल. संग्राम मेडलचा नियम अंबरनाथकरांनी वाचावा असा आहे. 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात जम्मू-काश्मीर, पंजाब, गुजरात, राजस्थान, पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, मिझोराम, त्रिपुरा या भागांतल्या कारवाईच्या क्षेत्रात काम केलेल्या सैनिकांबरोबर निमलष्करी दले, पोलीस आणि नागरी कर्मचारीही त्याला पात्र होते. महाराष्ट्र त्या यादीत नाही. म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरीत रात्रपाळ्या करून दारूगोळ्याचे भाग घडवणारा कामगार अपात्र, पण तोच कामगार त्या काळात कामासाठी कारवाईच्या क्षेत्रात नेमला गेला असेल तर पात्र. वडील कारखान्यात होते आणि घरात 'संग्राम मेडल' आहे, असे कोणी सांगितले तर नेमणुकीची नोंद पाहावी, लगेच हसू नये. 1972 साली स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांनिमित्त सेवेतल्या सर्वांना एक पदक दिले होते; तारखेच्या जवळिकीमुळे पुष्कळ घरांत तेच 'एकाहत्तरच्या लढाईचे' म्हणून ओळखले जाते.

पदक ओळखले की पुढचे काम कागदाचे. आधी पदकाची कड पाहावी, आणि ताऱ्याच्या बाबतीत पाठ. भारतीय सैनिकांच्या पदकांवर पुष्कळदा क्रमांक, हुद्दा, नाव आणि दलाची अक्षरे ठोकलेली असतात. भिंगातून वाचावे, मोबाइलने तिरप्या उजेडात फोटो घ्यावा. चिंच, राख, पितांबरी लावून घासू नये. दोन-चार दिवाळ्यांत अक्षरे जातात आणि त्याबरोबर एकमेव पुरावाही. सेवा क्रमांक मिळाला की संबंधित दलाच्या अभिलेख कार्यालयाला लिहिता येते. महार रेजिमेंटचे कार्यालय मध्य प्रदेशात सागरला आहे. ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पत्र कुठे आणि कसे पाठवायचे हे सांगते. दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांसाठी राज्य सरकारचे अनुदान आहे, त्याची चौकशीही तिथेच होते. एखादी नव्वदीतली आजी अजून हयात असेल तर हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका.

आणि कागद मिळाला तर त्याचा उपयोग भिंतीवर फ्रेम करून लावण्यापुरता नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा रहिवास आणि जात दाखवणारा पुरावा लागतो. ज्यांचे पूर्वज शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांना तो मिळता मिळत नाही. इंग्रजांच्या फौजेत भरतीच्या वेळी गाव, तालुका, जिल्हा आणि जात लिहून घेतली जायची. पदकावर जात नसते, पण डिस्चार्जच्या कागदावर किंवा सेवापटावर ती असू शकते, आणि तो कागद 1950 च्या आधीचा असतो. पडताळणी समिती असा पुरावा इतर कागदांबरोबर तपासते. मात्र वंशावळीत आजोबांचे नाव आणि कागदावरचे नाव जुळले पाहिजे. फौजेच्या कारकुनाने 'नाक' चे काय केले असेल, आडनावाच्या जागी गाव लिहिले असेल, वडिलांचे नाव गाळले असेल, हे गृहीत धरून नावातल्या फरकाचे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. अर्जाला मूळ पदक जोडू नये, दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो जोडावा.